होडीतली पुढची जागा

बोरीवली (पूर्व)
२४ जून १९८६

मालनवन्स,

खुशाली शेवटी लिहिते, आधी कामाचं.

गावचा विद्याधर रविवारी येऊन गेला. तालुक्यातल्या फोटोवाल्याने म्हणे दुकान बंद केलं आणि ज्याचे त्याचे जुने फोटो ज्याला त्याला देऊन टाकले. आपल्या घरचं पाकीट विद्याधरने इथे आणलं. पाच फोटो आहेत, पिवळे पडलेले. एकात खाडीच्या काठावर होड्या ओळीने उलट्या घातल्यात. एकात तुमचे दादा आणि वाडीतले बाप्ये आपापलं वल्हं समोर उभं धरून उभे आहेत, प्रत्येकाचं वल्हं बरोबर त्याच्या हनुवटीला टेकलेलं. दोन फोटो शर्यतीचे, त्यात माणसांपेक्षा पाणीच जास्त. इथपर्यंत ठीक.

पाचवा फोटो बघितला आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

त्यात तीच तुमच्या घरची दोन माणसांची होडी, आंब्याच्या बुंध्यातून कोरलेली. मागे तुमचे दादा. आणि पुढे एक मुलगी. पाठमोरी. लांब वेणी, परकर खोचलेला, हातात वल्हं. तुमचे दादा जरा मान वळवून हसतायत. दात दिसतायत, वन्स. आमच्या लग्नाचा फोटो आठवा. दाढ दुखत असल्यासारखे उभे होते.

नवी नवरी होते तेव्हा मी किती वेळा म्हटलं असेल, एकदा मला होडीत पुढे बसवा. काय सांगायचे? ‘बायलमाणसान फुडे बसूचा नसता.’ मी मुकाट ऐकलं. मग ही कोण? ही काय बाप्या होती?

त्यांना विचारलं. म्हणाले, ‘काय म्हायत नाय, जुना आसा.’ आणि फोटो गादीखाली सरकवला. ते दहिसरला ड्यूटीला गेले की मी रोज काढून बघते. मिलचा संप झाला तेव्हा घरात काय काय सोसलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तेव्हासुद्धा मला रात्री झोप लागायची.

तुम्ही त्या खाडीत लहानाच्या मोठ्या झालात. तुम्हाला माहीत असणारच. कोण ही भवानी?

इकडे सगळे बरे आहेत.

सुलक्षणा


माहुल
२ जुलै १९८६

वहिनी,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग दार लावून परत वाचलं. तुम्ही लिहिलंय त्यावरूनच ओळखली मी तिला. पण लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. दादाला कळलं तर राखीला मला दारात उभी करणार नाही.

आता एवढं विचारलंतच म्हणून लिहिते. ती खालच्या वाडीतली रुक्मिणी. दादा तिच्याशिवाय होडी पाण्यात लोटत नसे. काय हात होता तिचा! पाणी कापलं जायचं, उडायचं नाही. बाप्यांनासुद्धा तसं जमत नसे. अंगाने म्हणजे चवळीची शेंग. शर्यतीत बायकांना घेत नसत, पण शर्यतीच्या आधी दादा तिच्याबरोबर सराव करायचा आणि ती दोघं भल्याभल्यांना मागे टाकायची. सगळी वाडी म्हणायची, अशी जोडी खाडीत दुसरी नाही.

मग तुमचं लग्न झालं. तुम्ही आलात आणि वर्षाच्या आत दादाने होडी विकली. संपलं. तिनेही परत वल्हं हातात धरलं नाही. आता ती कुठे असते ते विचारू नका, तिच्या संसारात ती आहे.

तो फोटो मला पाठवाल का? बघून परत देईन. आणि दादाने मुंबईला आणलेलं ते वल्हं आहे ना अजून तुमच्याकडे?

मीराला चेंबूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पावसात इथे कंपनीचा वास जास्तच कोंडतो. बाकी ठीक.

मालन


बोरीवली
१३ जुलै १९८६

वन्स,

इतकी गुणांची खाण होती तर करायची होती ना घरात. मला कशाला कुडाळवरून उचलून आणली?

परवा सुका बांगडा भाजून वाढताना मी मुद्दाम म्हटलं, खालच्या वाडीतली रुक्मिणी आता म्हातारी झाली असेल ना हो? तर म्हणतात, ‘खंयची रुक्मिणी?’ आणि आणखी एक बांगडा मागितला. पापणी हलली नाही. किती मुरलेला माणूस बघा. मी भोळी, मला वाटायचं हा माणूस कमी बोलतो.

अजून ऐका. त्या फोटोत सगळ्या बाप्यांची वल्ही हनुवटीला टेकलेली बघितली ना, तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. दाराआड ते वल्हं आहे ते काढलं आणि अंगाला लावून बघितलं. माझ्या गळ्याशी येतं. तुमच्या दादांच्या तर छातीच्या वर जात नाही. म्हणजे ते त्यांचं नव्हेच! त्यांचं स्वतःचं कुठे गेलं देव जाणे, तिचं तेवढं जपून मुंबईला आणलं. लालबागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हाही ते वल्हं होतं. इथे बोरीवलीला आलो तेव्हा माझा पाटा-वरवंटा तिकडेच राहिला, वल्हं मात्र टेम्पोत ह्यांच्या मांडीवर. आणि मी बावळट, नवऱ्याची वस्तू म्हणून इतकी वर्षं फडक्याने पुसतेय.

दर नारळी पौर्णिमेला त्याला खोबरेल तेल चोळतात. माझं डोकं कधी चेपून दिलं नाही.

बुटकी होती, एवढंच काय ते समाधान.

फोटो पाठवणार नाही. तो पुरावा आहे.

सुलक्षणा


माहुल
२१ जुलै १९८६

वहिनी,

बुटकी नव्हती ती. बेताची होती. होडीत पुढे बसणाऱ्याची उंची बेताचीच लागते, नाहीतर मागच्याला पाणी दिसत नाही. तुम्हाला हे कुठून माहीत असणार?

अजून तेल लावतो का दादा? मला वाटलं सोडून दिलं असेल. बरं झालं सांगितलंत.

तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. संसार तुमचा झाला, मुलं तुमची झाली, दादा पगार तुमच्या हातात देतो. त्या बिचारीकडे काय राहिलं? एक होडी होती, तीही गेली. तुमच्यामुळेच गेली ना शेवटी.

आमच्या ह्यांचा पाय कंपनीच्या फाटकात घसरून मोडलाय, प्लास्टर घातलंय. माझी धावपळ चाललीय. राखीला मात्र येईन.

मालन


बोरीवली
२३ ऑगस्ट १९८६

वन्स,

राखीला तुम्ही आलात, तेव्हा तुमचे दादा समोरून हलेनात म्हणून बोलता आलं नाही. पण मी स्वयंपाकघरातून सगळं बघितलं. तेल चोळून वल्हं भिंतीला टेकवलं होतं, त्यावरून तुम्ही हात फिरवलात. हळूच, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मैत्रिणीची आठवण आली असेल. माझ्या घरात, माझ्या भिंतीला टेकवलेल्या लाकडावर तुम्ही दोघं भाऊ-बहीण तिची पूजा मांडता आणि मी आत नारळीभात ढवळते. छान आहे.

‘तुमच्यामुळे होडी गेली’ असं तुम्ही लिहिलंत तेही माझ्या डोक्यातून जात नाही. मी कधी होडी विका म्हटलं? मी तर बसवा म्हणत होते. त्यांनीच विकली, तिच्या आठवणीने जीव कासावीस होत असेल म्हणून.

तर आता ऐका. वल्हं मी काल कोपऱ्यावरच्या सुतारमेस्त्रीकडे नेऊन दिलं. पातं चांगलं रुंद आहे, पोळपाट होईल म्हणाला. दांड्याचा उपयोग कपडे वरच्या दोरीवर टाकायला. सोमवार-मंगळवारी करून देतो म्हणालाय. तुमच्या दादांची दुपारपाळी आहे, त्यांना अजून पत्ता नाही. आता रोज त्या रुक्मिणीच्या पाठीवर चपात्या लाटीन म्हणते.

पोळपाट कसा झाला ते कळवीन.

सुलक्षणा


माहुल
२६ ऑगस्ट १९८६

वहिनी,

कापू देऊ नका. हात जोडते. पत्र मिळताच मेस्त्रीकडे जा आणि वल्हं घरी आणा. मीच निघून आले असते, पण ह्यांना उठवायला-बसवायला दुसरं कुणी नाही आणि मीराची परीक्षा चालू आहे. शेजारच्या शेवंतीच्या दिराला हे चेंबूरच्या पोस्टात टाकायला देतेय, तिथून लवकर जातं.

रुक्मिणी कुणी नव्हती. ती मी. फोटोतली मीच आहे.

धोंडिराम मेस्त्रीने ते वल्हं माझ्या हनुवटीला लावून माप घेतलं होतं. मला आंगणात उभी केली, मान वर कर म्हणाला, आणि दांड्यावर खडूने रेघ मारली. गावात बाईच्या मापाचं वल्हं तेवढं एकच. आई ओरडायची, चेडवाक बाप्यो करतंस काय रे, पोरीला बाप्या बनवतोस म्हणून दादाला शिव्या द्यायची. दादा ऐकायचा नाही.

खोटं का लिहिलं? तुम्हाला जरा जळू दे म्हणून लिहिलं. मी नाही जळले? तुमच्या लग्नाच्या मांडवात मी हसत हसत करवली म्हणून मिरवत होते आणि आतून नुसती आग आग. तुम्ही आलात, आणि दादा संध्याकाळचा खाडीवर जायचा बंद झाला. मी वल्हं घेऊन वाट बघत बसायची. आणि वर्षाच्या आत होडी विकली. नवऱ्याने बहिणीबरोबर हिंडू नये म्हणून तुम्हीच विकायला लावली, हे मी धरून बसले होते. अजून धरून आहे.

माझं लग्न झालं तेव्हा वल्हं मागितलं तर दादा म्हणाला, तुझ्या सासरी काय करशील? राहू दे माझ्याकडे. म्हणून राहिलं.

आता राग काढायचा तर माझ्यावर काढा. त्याला हात लावू नका.

मालन


बोरीवली
१६ सप्टेंबर १९८६

वन्स,

तुमचं पत्र त्याच आठवड्यात शुक्रवारी आलं. वल्हं मंगळवारीच कापून झालं होतं.

मधे गणपती होते म्हणून लिहिलं नाही, असं म्हणू शकले असते. पण तसं नाही. हातच धजत नव्हता. आणि रागही होता. खोटं तुम्ही लिहायचं आणि करवत माझ्या नावावर.

झालं असं. पातं मेस्त्रीकडेच होतं, पोळपाटासाठी गोल करायचं बाकी होतं. दांडा तेवढा मी घरी आणला होता. बुधवारी तुमचे दादा ड्यूटीवरून आले, पाय धुतले, आणि बघतात तर दांड्याच्या टोकाला माझा परकर. परकर काढून घडी घालून ठेवला. मग दांडा मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, बघा, तिच्यासाठी कसा जीव तुटतोय. तोवर तुमचं पत्र कुठे आलं होतं?

मी सगळं बोलून टाकलं. रुक्मिणी, फोटो, चवळीची शेंग, सगळं. मग म्हणाले, ‘ता मालन आसा गे.’

मी म्हटलं, मग आधी बोलायला काय झालं होतं? तर काय म्हणतात ऐका. ‘मालन म्हणान सांगलंय असतंय तर तू इचारलं असतंस, मगे माका कित्याक नाय बसवलं.’ मला का नाही बसवलं, ह्या माझ्या एका प्रश्नाला भिऊन!

आणि मग जे सांगितलं ते तुम्ही साफ विसरलात, का लपवलंत, तुमचं तुम्ही जाणा. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागलेल्या भावाकडून तुम्ही वचन घेतलंत. पुढची जागा माझी, वहिनीला द्यायची नाही. आठवतंय? माणसाने तेवढं धरून ठेवलं. मी येऊन पुढे बसायचा हट्ट धरला. मला बसवलं तर तुमचं वचन मोडतं, तुम्हाला बसवलं तर मी दारात रुसून उभी. ‘तिका नाय म्हणवना, तुका नाय म्हणवना. म्हणान होडीच इकलंय.’ असं म्हणाले, वन्स. शांतपणे. बाजारातून कोथिंबीर नाही आणली म्हणून सांगावं तसं.

त्यांचं स्वतःचं वल्हं होडीबरोबर गेलं. तुमचं ठेवून घेतलं.

पातं ते तसेच चपला घालून जाऊन घेऊन आले. मेस्त्रीने पितळी पट्टी ठोकून दोन्ही तुकडे जोडून दिले. पण सांध्यात चार बोटं लाकूड गेलं. मी माझ्या अंगाला लावून बघितलं. आता ते तुमच्याही हनुवटीला यायचं नाही. कुणाच्याच मापाचं राहिलं नाही.

मला वाईट वाटलं. ते लिहायलाच हे पत्र. पण दुसरंही लिहिते. तुमचा शब्द ठेवला आणि माझा हट्ट गेला वाऱ्यावर, हे मला अजून झोंबतंय. बायको मी आहे.

भाऊबीजेला आम्ही वल्हं घेऊन येतो. शेवंतीकडे लहान होडी आहे असं तुम्ही मागे म्हणाला होता. मला एकदा पुढे बसायचंय. ते तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत, म्हणून तुम्हीच त्यांना मोकळं करा. नाही म्हणायचं तर आताच नाही म्हणा, म्हणजे मी साडी त्या हिशेबाने नेसून येईन.

सुलक्षणा


माहुल
१७ नोव्हेंबर १९८६

वहिनी,

मीराने फोटो धुऊन आणले. तुमचा सोबत पाठवतेय.

तुमच्या त्या पत्राचं उत्तर मी दिलं नाही. वचन मी घेतलं होतं. आठवत होतं. पण दादाने ते धरून ठेवलं असेल असं कधी मनात आलं नाही. मला वाटायचं तो ‘बरं बरं’ म्हणाला आणि मांडवात जाऊन विसरला. मी तुम्हाला शिव्या घालत बसले आणि होडी माझ्या हट्टापायी गेली. हे गिळायला मला वेळ लागला.

ओवाळून झाल्यावर दादा वल्हं घेऊन खाली मान घालून उभा होता. तुमच्याकडे बघेना, माझ्याकडे बघेना. बावन्न वर्षांचा बाप्या, आणि आई रागावेल म्हणून उभं राहिलेलं पोर जसं. तेव्हा मी म्हटलं, बसव तिला पुढे. तोंडाने म्हटलं. मनाने म्हटलं असं खोटं लिहिणार नाही, खोटं लिहिण्याचा परिणाम बघितलाय.

शेवंतीने तुम्हाला हात धरून होडीत घेतलं, आणि तुम्ही माझं वल्हं मांडीवर ठेवून बसलात, तेव्हा मला बघवत नव्हतं. म्हणून तर मीराच्या हातातला कॅमेरा ओढून घेतला. कॅमेऱ्यात बघताना निदान एक डोळा मिटता येतो.

तुम्ही वल्हं उलटं धरलं होतंत. पट्टीची बाजू खाली आणि पाणी तुमच्याच मांडीवर. होडी गोल गोल फिरत होती, माहुलची सगळी पोरं काठावर गोळा झाली. मी ओरडत होते, अगो वहिनी, मनगट फिरवा, मनगट! दादाचं सुकाणूवर लक्षच नव्हतं.

आता फोटो नीट बघा. दादा हसतोय, दात दिसतायत, बरोबर. तुम्हाला वाटेल तुमच्या मागे बसून तुम्हालाच हसतोय. पण त्याची नजर कुठे आहे बघा. तुमच्याकडे नाही. काठाकडे आहे. काठावर मी होते, कॅमेरा धरून, ओरडत. तो मला हसतोय, वहिनी.

एवढं माझ्याकडे राहू द्या.

पुढच्या वेळेला वल्हं सुलट धरायला शिकून या.

मालन


बोरीवली
२६ नोव्हेंबर १९८६

मालनवन्स,

फोटो मिळाला. चौकट करून लावला. आल्या-गेल्याला दाखवते. पदर भिजलेला दिसतो, पण पुढे मीच आहे.

नजरेचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी चष्मा लावून बघितलं. काठाकडेच आहे. चांगलं झोंबलं मला, तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगते. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना का ते कळलंच नाही. त्यांनी आपला मटार सोलून दिला.

मग मी गादीखालून तुमचा जुना फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. वन्स, तो फोटो मी भाऊबीजेला दाखवला तेव्हा तुम्ही घाईघाईत बघितलात, नीट बघितला नाहीत. तुम्ही पुढे बसलाय, वेणी सोडून. मागे ते हसतायत. पण मान वळलीय ना, ती तुमच्याकडे नाही वळलेली. मी इतके महिने उगाच तुमच्या वेणीवर जळले. तिथेही नजर काठाकडेच आहे.

तुम्ही तर होडीत होतात. मी तेव्हा कुडाळला, माझं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

मग काठावर कोण उभी होती?

फोटोवाला उभा होता असं लिहू नका. फोटोवाल्याकडे बघून कुणी असं हसत नाही. ह्यांना विचारलं तर पुन्हा ‘काय म्हायत नाय, जुना आसा.’ तुम्हाला माहीत असणार. नीट आठवा आणि खरं नाव लिहा, ह्या वेळी खरं.

उत्तर लवकर पाठवा. वल्हं परत दाराआड ठेवलंय, आणि कोपऱ्यावरचा मेस्त्री अजून तिथेच बसतो.

सुलक्षणा